गाडी मागून बसते तेव्हा

जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी दुपारी डेन्व्हरच्या पश्चिमेला, आय-७० महामार्ग डोंगरात शिरतो तिथल्या पेट्रोलपंपावर जरा वेळ रेंगाळलात, तर पिकअप आणि त्यांच्या मागचे ट्रेलर यांची मिरवणूकच बघायला मिळते. बोटी, घोड्यांचे ट्रेलर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असं सगळं असलेले पंचवीस-तीस फुटी कॅम्पर. गाडीचं कौतुक करायचं असेल तर ती समोरून बघावी. तिची खरी अवस्था बाजूने बघितल्यावर कळते. मध्येच एखादी अशी जाते की बूड रस्त्याला टेकायला आलंय आणि नाक आभाळात. मागच्या ट्रेलरचंही तोंड खाली गेलेलं. गाडी आणि ट्रेलर मिळून मधोमध झोळ पडलेल्या बाजेसारखे दिसतात. आत माणसं मजेत असतात, पोरं खिडकीतून हात दाखवतात. थोड्या वेळाने ही वरात ३,४०० मीटर उंचीच्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून पलीकडचा तीव्र उतार उतरणार असते.

मी या बाबतीत जरा किडा आहे हे मान्य. लोक दुसऱ्यांच्या गाडीचा रंग बघतात, मॉडेल बघतात; मी पुढच्या चाकावरची फट बघतो. चाकाचा वरचा काठ आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यातली ती फट सगळं सांगून टाकते. मागे गाडी किती बसली हे तर कुणालाही दिसतं. पुढे ती किती उचलली गेली, ते बघायचं असतं.

माझ्याकडे फोर्ड एफ-१५० च्या वर्गातली, इथे ज्याला अर्ध्या टनाची म्हणतात तशी पिकअप आहे. हा अर्धा टन जुन्या काळातला. आजच्या गाड्या त्याहून जास्त माल घेतात, नाव मात्र चिकटून राहिलं. मागे लावायला पाण्यासकट तीन हजार किलोच्या घरात जाणारा कॅम्पर. कॅम्पर जोडलेल्या गाडीचा एक फोटो मी गावी चुलतभावाला पाठवला होता. त्याची कोरेगावकडे बोलेरो पिकअप आहे, आल्याच्या गोण्या भरून तो वाशीच्या मार्केटला जातो. फोटो बघून त्याचा लगेच आवाजी मेसेज आला, “दादा, गाडी मागनं बसलीया. दोन पाटे वाढव की. आपल्या इथं तासाभरात बसवून देत्यात.”

त्याच्या जागी त्याचा सल्ला रास्त आहे. आपल्याकडे माल वाहणाऱ्या माणसाला पाटे, म्हणजे चाकांच्या एक्सलवर गाडीचं ओझं तोलणाऱ्या पोलादी कमानपट्ट्या, वाढवणं नवीन नाही. हायवेच्या कडेला कमानपाट्यांची दुकानं असतात, बाहेर गंजलेल्या पाट्यांची चळत लागलेली असते, यू-बोल्ट सोडायचे, एक-दोन पाटे चढवायचे, पुन्हा आवळायचे, की गाडी ताठ. पुढे एक्सलची, टायरची, ब्रेकची काय गत होते तो वेगळा विषय. पण त्याच्या गोण्या असतात हौद्यात. हौदा मागच्या एक्सलच्या वर आणि थोडा पुढे. ओझं चाकाच्या डोक्यावर असतं, त्यामुळे चाकाची कमान मजबूत केली की ते पेलतं. माझं ओझं हौद्यात नाहीच. ते बंपरच्याही मागे, एका लोखंडी बॉलवर टेकलेलं आहे.

सगळी गोम इथेच आहे. गाडीची पुढची-मागची चाकं साधारण ३.७ मीटर अंतरावर. ट्रेलर ज्या बॉलवर बसतो तो मागच्या एक्सलच्या आणखी दीड मीटर मागे. ट्रेलरचं सगळं वजन काही गाडीवर येत नाही, ते त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण त्याची जीभ, म्हणजे पुढचा लोखंडी दांडा, बॉलवर बराच भार टाकते. अशा ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. माझ्या ट्रेलरचे १२ टक्के धरले तर ३६० किलो. आता शाळेतली तरफ आठवा. मागचा एक्सल हा टेकू. त्याच्या मागे दीड मीटरवर ३६० किलो दाबले, तर पुढे ३.७ मीटरवरच्या चाकांवरून जवळपास १४५ किलो वर उचलले जातात. हे उचललेले किलो हवेत विरत नाहीत, तेही मागच्याच एक्सलच्या डोक्यावर येऊन बसतात. म्हणजे बॉलवर ३६०, पण मागच्या एक्सलवर ५०० च्या वर. पाटे वाढवून मागची बाजू वर येईलही. पुढून गेलेले १४५ किलो मात्र परत येत नाहीत.

भावाला हे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्याला विचारलं, “उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर शेतातनं बांधावर चढतो तेव्हा पुढची चाकं काय करतात?”

“उचलत्यात की.”

“मग तिथं पाटे वाढवून ती खाली येतील का?”

“ट्रॅक्टरला मागं पाटे कुठं असत्यात, दादा?”

वादात हरवणं कठीण आहे त्याला. पण मुद्दा पोचला. ट्रॅक्टरचं नाक उचलण्यात चाकाच्या ओढीचाही हात असतो, ते गणित थोडं वेगळं. पण परिणाम तोच, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं लावतात. शिवाय ट्रॅक्टरला मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. पुढची चाकं हवेत असली तरी मुरलेला ड्रायव्हर एका बाजूचा ब्रेक दाबून गाडी वळवून घेतो. गळीत हंगामात कर्णे लावून, गाणी वाजवत जाणारे हे ड्रायव्हर काय कसब वापरतात हे रस्त्यावर त्यांच्या मागे अडकून शिव्या घालणाऱ्याला कळत नाही. पिकअपला ही सोय नाही. तिला वळायला पुढचीच चाकं, आणि ब्रेक दाबल्यावर थांबवण्याचं बहुतेक काम करायलाही पुढचीच. डांबरावर पाऊस पडलाय, उतार आहे, वळण आहे आणि पुढची चाकं दीडशे किलोंनी हलकी आहेत, असा तो प्रसंग असतो. दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात ही त्यातली सगळ्यात सौम्य तक्रार.

अमेरिकेतला पाटे वाढवण्याचा अवतार म्हणजे एअरबॅग. अपघातात फुटते ती नव्हे. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि मागचा एक्सल यांच्या मध्ये बसवायचा जाड रबरी फुगा. जितकी हवा भरू तितकी मागची बाजू वर. रिकामी गाडी चालवताना पाचेक पौंड हवा ठेवायची म्हणजे रबराला घडी पडून ते चिरत नाही. शनिवारच्या दुपारी घराच्या दारात बसवता येतं, किमतीत बसतं, आणि काम झाल्यावर बाजूने बघितलं की गाडी पाण्याच्या पातळीसारखी सपाट. मला ट्रेलर विकणाऱ्या दुकानातल्या माणसाने हाच उपाय सुचवला होता. वर म्हणाला, “गाडी सपाट दिसली की झालं, बाकी काळजी करू नका.” बाकीचीच काळजी करायची असते. फुगा गाडीची उंची बदलतो, ओझं जवळपास जिथल्या तिथे राहतं. आधी निदान गाडीचं बसलेलं बूड बघून कुणी विचारलं असतं, आता तेही कुणी विचारणार नाही.

एअरबॅग वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही. हौद्यात वजन टाकणाऱ्याला, म्हणजे आमच्या बंधुराजांसारख्याला, ती उत्तम. हौद्याच्या मधोमध ज्यांची जोडणी बसते त्या मोठ्या फिफ्थ व्हील ट्रेलरवाल्यांनाही चालते, कारण तिथे भार एक्सलच्या डोक्यावरच येतो. दर वेळी वेगळं वजन नेणाऱ्याला तर पाट्यांपेक्षा तीच बरी, हवा कमी-जास्त करता येते. बंपरमागच्या बॉलवर ट्रेलर ओढणाऱ्याने मात्र ती आधी नव्हे, शेवटी बघावी.

इथे थोडं विषयांतर. कारखान्यातून निघालेली रिकामी पिकअप मुळात मागून इंच-दोन इंच उंच असते, वजन पडल्यावर सपाट व्हावी म्हणून. कित्येक हौशी मंडळींना ते दिसायला आवडत नाही. ते पुढच्या सस्पेन्शनखाली ठोकळे घालून नाक वर घेतात. गाडी रुबाबदार दिसते. मग तिच्यामागे ट्रेलर लावतात आणि ती मागून बसली म्हणून एअरबॅग शोधत फिरतात. त्याच्याही पुढची पायरी दक्षिणेत निघाली, कॅरोलिना स्क्वॉट नावाची: ट्रेलरबिलर काही नाही, मुद्दाम पुढून गाडी उचलायची आणि मागून बसवायची. बॉनेटपलीकडे उभं माणूस ड्रायव्हरला दिसत नाही इतकी. नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला कायद्यानेच मनाई केली, २०२२ मध्ये व्हर्जिनियाने आणि २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनाने तेच केलं. आम्ही जो दोष काढायला पैसे मोजतो, तो काही लोक पैसे मोजून बसवून घेतात.

असो. बॉलवरचं ओझं पुढच्या चाकांवर परत पाठवण्यासाठी जे साधन आहे त्याचं नाव वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे वजन वाटून देणारी जोडणी. लांबून बघितलं तर बॉलच्या खोबणीतून मागे, ट्रेलरच्या दांड्यांना समांतर गेलेल्या दोन जाड पोलादी सळ्या. पुढचं टोक हिचमध्ये घट्ट, मागचं टोक ओढून ट्रेलरच्या चौकटीला साखळीने किंवा कंसाने टांगलेलं. सळ्या वाकतात, आणि वाकलेलं पोलाद सरळ व्हायला बघतं. त्या धडपडीत गाडी आणि ट्रेलर जिथे जोडलेत तो सांधा वर उचलला जातो. पुढची चाकं खाली दबतात, ट्रेलरची चाकंही खाली दबतात, आणि मधल्या बिचाऱ्या मागच्या एक्सलवरचा भार दोन्हीकडे वाटला जातो. बॉलवरचं वजन नाहीसं होत नाही. चार खांदेकऱ्यांत वाटलं जातं इतकंच.

ते लावायची रीत बघण्यासारखी आहे. सपाट जागा हवी. आधी ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकाच्या मध्यावरून, जमिनीपासून पत्र्याच्या कमानीपर्यंत टेपने माप घ्यायचं. मग ट्रेलर बॉलवर बसवायचा, कपलरची, म्हणजे बॉलला धरणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची, खिट्टी लावायची, सळ्या अजून मोकळ्याच, पुन्हा माप. पुढची बाजू समजा इंचभर वर गेलेली असते. आता गंमत. ट्रेलरच्या जिभेवर जो जॅक असतो, त्याने सळ्या चढवायच्या आधी सगळा सांधा उचलायचा, ट्रेलरचं तोंड आणि गाडीचं बूड एकदम वर. मागचे पाटे कुरकुरत सुटे होतात, टायरचा फुगीरपणा कमी होतो. सांधा वर गेला की सळ्या जवळपास हाताने चढतात. तो न उचलता सळईशी झटापट करणारे लोक मी पाहिलेत. निसटलेली सळई दात पाडू शकते. सळ्या चढवल्या की जॅक हळूहळू खाली. एका क्षणी जॅकचा पाय जमीन सोडतो आणि सगळं वजन सळ्यांवर येतं. पोलादातून एक खोल, दबका ‘टक्’ येतो. तिसरं माप. वर गेलेल्या इंचातला किमान अर्धा परत आला पाहिजे, साधारण असंच बहुतेक गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. आपापली पुस्तिका बघावी, कारण काही गाड्यांना हे साधन चालतच नाही. नाही आला तर साखळीची एक कडी वर, किंवा बॉलचा कोन बदलायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. फार उत्साहात पूर्ण इंचापेक्षा जास्त आणला तर उलटं होतं, मागची चाकं हलकी होऊन ओल्या रस्त्यावर सरकतात.

टेप झाला, पण खरा निवाडा काट्यावर. अमेरिकेत मोठ्या ट्रकांच्या थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. १९७७ मध्ये आयोवातल्या वॉलकॉटला ही कंपनी सुरू झाली, ज्या ट्रक थांब्यावरून इंटरस्टेट-८० वरचे लोक आजही फोटो काढत जातात तिथेच. आपल्या साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर गाडी अख्खी चढते आणि एकच आकडा येतो. इथे काट्याचे तुकडे वेगवेगळे: पुढचा एक्सल एका तुकड्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. चिठ्ठीवर तीन आकडे आणि बेरीज. नुसती गाडी, मग सळ्या न लावता ट्रेलरसह, मग सळ्या लावून अशा तीन चिठ्ठ्या घेतल्या की पुढून किती गेलं, किती परत आलं, हे कागदावर दिसतं. माझ्या मागे अठरा चाकी ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबला होता, त्याबद्दल त्याचे आभार.

घरच्या घरी जिभेचा भार मोजायचा असेल तर बाथरूममधला काटासुद्धा चालतो. एक भक्कम फळी, एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, आणि ट्रेलरची जीभ विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवायची. काट्यावर तिसरा हिस्सा येतो, तीनने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका, आणि ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

इथपर्यंत आल्यावर मनात एक सोपी युक्ती येते. जीभ जड आहे ना? मग ट्रेलरमधलं सामान मागे न्या, जीभ आपोआप हलकी, गाडी आपोआप सपाट. ही युक्ती या सगळ्या विषयातली सर्वांत घातक आहे. जीभ दहा टक्क्यांच्या खाली गेली की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बाजूने ट्रक गेला, वारा आला, की एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी थोडा जास्त. अशा वेळी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच घात होतो. हाताशी ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी खिट्टी असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ती हळू दाबायची, म्हणजे ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. पण त्या क्षणी हे आठवायला आधी रिकाम्या मैदानात हाताला सवय लावलेली बरी. बसलेली गाडी एक वेळ परवडली, डुलणारा ट्रेलर नाही.

मग उरतं काय, तर कमी नेणं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळी-पांढरी चिठ्ठी असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त नको. माझ्या गाडीवर तो आकडा सातशेच्या आसपास आहे. जाहिरातीत ही गाडी पाच हजार किलो ओढते म्हणून सांगतात, आणि ओढेलही. जाहिरातीत हा सातशेचा आकडा मात्र कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. जिभेचे ३६०. हिचचं पोलाद ४०. आम्ही चौघं मिळून २७०. बेरीज ६७०. उरले तीस, त्यात शीतपेटी, लाकडं, खुर्च्या, सायकली. ट्रेलरच्या माहितीपत्रकातला जिभेचा आकडा तर आणखी फसवा: तो रिकाम्या ट्रेलरचा. गॅसच्या दोन टाक्या आणि बॅटरी नेमक्या जिभेवरच बसवलेल्या असतात आणि बहुतेकदा त्या आकड्यात धरलेल्या नसतात.

घरात या चिठ्ठीला काही मान नाही. बायकोचा प्रश्न सरळ असतो, “तवा नेणार नसू तर चार घरांची पावभाजी कशावर करायची?” बिडाचा तवा, दहा किलो तांदूळ, मोठा कुकर, बटाट्यांची पिशवी, आणि हे सगळं ठेवायला सोयीचं कपाट म्हणजे ट्रेलरच्या अगदी पुढच्या टोकाला, जिभेच्या डोक्यावर. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो जवळजवळ पूर्ण बॉलवर येतो. म्हणून तवा, कुकर आणि तांदूळ आता ट्रेलरच्या मधोमध, चाकांच्या बरोबर वर, जेवणाच्या बाकाखाली जातात. जेवताना बाकावरच्यांना उठवून तवा काढावा लागतो, त्यावर रोज बोलणी बसतात.

सगळ्यांत मोठी कपात पाण्यात होते. आमची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे भरली की दीडशे किलो, आणि ती पुढच्या पलंगाखाली. ती रिकामी नेली तर जिभेवरचे ४५ किलो कमी होतात आणि उरलेले ३१५ नव्या एकूण वजनाच्या ११ टक्के भरतात, दहाच्या वर. आम्ही जातो त्या यूटा राज्यातल्या मोआबला कॅम्पच्या जागेवर नळ असतो. तिथे पोचल्यावर पाइप लावायचा, पोरांना टाकीचा काटा बघायला बसवायचं आणि तेवढ्यात चहा टाकायचा. वाटेपुरते दोन कॅन पुढे पायाशी ठेवतो.